तुंब्याकडचं टोक

आमची नदी उन्हाळ्यात वाहत नसे. होळी झाली की पाणी आटत जाई, आणि मग एक डोह, त्यापुढे रेती आणि गोटे, मग पुन्हा एक डोह, अशी ती आमच्या मेडशी गावाच्या अंगाला तुटक तुटक पडून राही. त्यातला सगळ्यांत खोल डोह आमच्या वावराच्या खाली होता. त्याच्या एका कडेला काळ्या खडकाची कपार पाण्यात आत शिरलेली होती. माझा मोठा भाऊ त्या कपारीवर उभा राहून बरचीनं मासे मारी.

बरची म्हणजे लांब वेळूच्या टोकाला बसवलेले लोखंडाचे तीन दात. दातांना उलटे काटे असत, म्हणजे रुतलेला मासा सुटू नये. मरळ हा मासा पाण्यातून वर येऊन हवा घेतो. पहाटे डोह शांत असला की तो वर आल्याचं पाण्यावरच्या वलयावरून कळतं. दादा त्या वलयाची वाट पाहत इतका निश्चल उभा राही की खंड्या पक्षी त्याच्या शेजारी येऊन बसे. मरळ पिलांसोबत असली, पाण्यावर लाल ठिपक्यांचा घोळका दिसला, तर मात्र तो बरची खाली ठेवी आणि बिडी पेटवी.

बरची लागली की मासा तिच्यासकट डोहाच्या तळाला जातो. म्हणून वेळूला एक लांब दोर बांधलेला असे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वाळलेला दुधी भोपळा, आमच्याकडे ज्याला तुंबा म्हणतात तो. मासा खाली कुठंही फिरो, तुंबा वर डुलत डुलत त्याचा माग दाखवतो. तुंब्यामागं जाणारा माणूस वेगळा असतो. त्यानं काठाकाठानं, गरज पडली तर पोहत, त्याच्यासोबत राहायचं. ओढायचं नाही. तुंबा एका जागी थांबला, मासा थकला, की मगच दोराला हात घालायचा. हे दुसरं काम माझं होतं.

दोर आम्ही दर उन्हाळ्यात नवा करत होतो. वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधावर, पेरलेली अंबाडी दसऱ्यानंतर कापायची, पाण्यात कुजवायची, तिची साल सोलून वाळवायची आणि ते पांढरं सूत चैत्रापर्यंत माळ्यावर ठेवायचं. दोर वळायला दोघं लागत. दादा ओट्यावर बसून सूत सोडत जाई. मी लाकडी चातीला ते अडकवून फिरवत फिरवत मागं सरकत जाई. माझं तोंड त्याच्याकडे आणि पाय पाठीकडे. आमच्या दोघांच्या मध्ये दोर वाढत जाई. मी बैलांच्या हौदाशी पोचलो की दादा म्हणे, "पुरे." मग मी थांबत असे. त्यानं पुरे म्हटल्याशिवाय थांबायचं नाही आणि म्हटल्यावर आणखी एक पाऊलही मागं घ्यायचं नाही, ही रीत होती. आणि चाती धरून जो मागं सरकला, तोच त्या उन्हाळ्यात तुंब्यामागं जाणार, हीही रीत होती. दादा आणि आमचे वडील असेच वळत. वडील गेल्यावर चाती माझ्या हातात आली.

वडिलांनंतर शेत दादानं सांभाळलं. तो चौथीपर्यंत शिकला होता. मला मात्र त्यानं मालेगावला, मग वाशीमला आणि पुढे अमरावतीला कॉलेजात पाठवलं. ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घेऊन तो मोटारीनं अमरावतीला येई, वसतिगृहाच्या पायरीवर टेके आणि एवढंच विचारी, "पुरते ना बे?" मी पुरते म्हटलं की परतीच्या मोटारीची वेळ विचारी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढलो ती त्याच्या खांद्यावरच्या पोत्यांवरून चढलो. मोठा झाल्यावर हे कितीदा तरी त्याला सांगावंसं वाटलं. पण आमच्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती.

बी.ए.ची परीक्षा देऊन मी घरी आलो त्या उन्हाळ्यात दादा दोराबद्दल वेगळंच बोलला. मी नेहमीप्रमाणे माळ्यावरून अंबाडी काढायला निघालो, तर त्यानं मला थांबवलं.

"अंबाडीचा नको औंदा," तो म्हणाला. "तो एक साल जाते. पुढच्या साली चाती कोण धरन? असा दोर पाहिजे का तो टिकला पाहिजे."

मी म्हटलं, अजून निकाल लागायचा आहे, नोकरीचा तर पत्ताच नाही. तो हसला आणि म्हणाला, "तू पास होशीन. मले मालूम आहे."

दोर तुटला की काय होतं हे आम्ही आदल्या वर्षी पाहिलं होतं. एक मोठी मरळ बरची घेऊन कपारीखाली शिरली, दोर खडकाच्या धारेला घासला आणि तुटला. तुंबा मोकळाच फिरू लागला. दादानं दिवसभर बुड्या मारल्या. बरची सापडली, मासा सापडला नाही. जेवताना त्यानं भाकरीला हात लावला नाही. वहिनी म्हणाली, एका माशापायी एवढं काय? तर म्हणाला, "मासा गेला तं जाऊ दे. पण लोखंडाची जखम घेऊन गेला ना तो. न खाता मारला." त्यामुळे दोर पक्का नसेल तर दादा बरची उचलणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि दर साली नवा वळायला मी असणार नव्हतो.

मग आम्ही दोर शोधायला लागलो. पहिल्यांदा मालेगावच्या बाजाराला गेलो. दोरांचं दुकान मोठं होतं, छताला नाडे आणि कासरे लोंबत होते. दुकानदारानं विचारलं, दोर बैलाला हवा की विहिरीला? दादा जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला की माशाला. दुकानात बसलेले दोघं-तिघं वळून पाहू लागले.

"पाटील," दुकानदार म्हणाला, "बैल बांधाचा असन तं हा घ्या. म्हैस बांधाची असन तं तो घ्या. माशाले दावं लावणारा आजच पायला बाप्पा."

सगळे हसले. दादाही हसला, आणि त्या हसण्यातच त्यानं काथ्याच्या दोराचं एक टोक हातात घेऊन नखानं उकलून पाहिलं. थोडा काथ्या आणि थोडा सुती दोर घेऊन आम्ही परतलो. वाटेत तो म्हणाला की त्या दुकानदाराचं खरं आहे, आपण शेतकरी, दोर म्हटला की आपल्याला बैलच दिसतो.

काथ्याचा दोर पाण्यावर तरंगे, ही त्याची खुबी. पण तो ताठ. सोडला की स्वतःच वेटोळं करून बसे, आणि मासा पळाला तर ती वेटोळी पायात येतील अशी भीती वाटे. आम्ही त्याला दगड बांधून कपारीच्या धारेवर मागंपुढं ओढून पाहिलं, तर त्याचे केस झडायला लागले. सुती दोर मऊ, हाताला चांगला. पण तो पाणी पिई. भिजला की एवढा जड होई की तुंब्याला खाली ओढी. तुंबाच बुडाला तर माग कशाचा काढायचा? पळसाच्या मुळ्या खणून, ठेचून त्यांचा वाख काढला. तो पाण्यात कुजत नाही, हे सगळं गाव जाणतं. पण मुळ्या आखूड, त्यामुळे दोरात जोड फार, आणि प्रत्येक जोड कपारीच्या फटीत अडकायचा. प्रत्येक दोर दादा संध्याकाळी डोहात सोडून येई आणि सकाळी जाऊन दातांनी चावून पाही. मी विचारलं, चव कशी आहे? तर म्हणाला, सुतीपेक्षा काथ्या बरा, पण मीठ कमी आहे.

शेवटी त्याच्या मनानं पुन्हा अंबाडीकडे धाव घेतली. अंबाडी टिकत नाही, तर टिकवू या. मोटेचा नाडा टिकावा म्हणून आम्ही त्याला तेल चोळत असू, तसंच या दोराला चोळू. नाड्याला चालतं ते तुंब्याच्या दोराला का चालणार नाही? वहिनीनं घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल दादानं अर्धं अधिक त्या दोरात जिरवलं. दोर पिवळाधमक आणि गुळगुळीत झाला. पाणी त्याच्यावरून मोत्यासारखं घरंगळे. दादा इतका खूश झाला की त्यानं दोन दिवस शेजाऱ्यांना बोलावून तो दोर दाखवला. मग गुंडाळून माळ्यावर ठेवला.

पण मोटेचा नाडा रात्रंदिवस विहिरीवर असतो, माळ्यावर नसतो. सकाळी दादानं दोर खाली काढला तेव्हा त्याचे वीत-वीतभर तुकडे खाली पडले. उंदरांनी करडईचं तेल सोडलं नव्हतं. वहिनी दारात उभी होती. तिला तेलाचा राग होताच.

"भाजीले तेल नाई घरात," ती म्हणाली, "आन् उंदरांची पंगत बसली वरतं."

दादा तुकडे गोळा करून वासरांच्या गळ्यातल्या दाव्यांसाठी बाजूला ठेवत बसला. त्याचा चेहरा पाहून वहिनीचा राग गेला असावा. दुपारी भाकरी वाढताना तिनं सांगितलं, तिच्या माहेरी पैनगंगेच्या काठाला भोई लोक जाळी तागाची करतात आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळतात. जाळी काळी पडतात, पण वर्षानुवर्षं जातात. उंदीर त्यांना तोंड लावत नाहीत, कारण बाभूळ कडू. हे आधी काहून सांगितलं नाही, असं दादानं विचारलं. ती म्हणाली, "इचारलं कोणं मले?"

ताग शेजारच्या गावाहून आणला. बाभळीची साल मी कुऱ्हाडीनं सोलली. मग ओट्यावर दादा बसला आणि चाती माझ्या हातात आली. त्या दिवशी तो फार सावकाश सूत सोडत होता. प्रत्येक धागा बोटांत धरून उजेडाकडे करून पाही, बारीकसा गाठोळा दिसला तरी तोडून टाकी. मी हौदाशी पोचलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण पुरे म्हणायला त्याला थोडा वेळ लागला. तीन पदरी दोर तयार करून आम्ही तो वहिनीच्या पाणी तापवायच्या मोठ्या गुंडात सालीसोबत उकळला. पाणी आधी तांबडं झालं, मग काळं. दोर काळा झाला, आणि वाळल्यावर हाताला अशी खात्री देऊ लागला की ओढून पाहायची गरज वाटेना.

पहिली मरळ लागली ती आठवड्याभरानं. बरची सुटली, दोर सळसळत गेला, तुंबा उडी मारून पाण्यावर आला आणि डोहाच्या मधोमध धावू लागला. मी काठानं त्याच्यामागं. मासा कपारीखालीच शिरला. दोर खडकाच्या त्याच धारेवर ताणला गेला आणि घासू लागला. दादा वरून पाहत होता. बराच वेळ तुंबा एकाच जागी थरथरत राहिला आणि मग संथ झाला. मी पाण्यात उतरून दोराला हात घातला. तो दोर ओढताना जाणवलं की तो तुटणार नाही. या उन्हाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही. मला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी टोचलं, ते काय ते तेव्हा मला कळलं नाही.

निकाल लागला. मी पास झालो आणि मला चांद्याला एका कचेरीत नोकरी मिळाली. काम जंगलाशी संबंधित होतं, आणि जंगलाच्या कामात उन्हाळा हा वणव्यांचा काळ. उन्हाळ्यात कोणालाही रजा मिळत नसे. घरी जायचं ते दिवाळीला. आणि दिवाळीत आमची नदी भरून वाहत असते, डोह तिच्यात कुठं आहे तेही दिसत नाही.

दर दिवाळीला घरी पोचलो की माझा पहिला प्रश्न एकच असे, दोर कसा आहे? दादा म्हणे, पक्का आहे. एकदा मी त्याला विचारलं, तुंब्यामागं कोण जातं? तो वहिनीकडे पाहून हसला. वहिनी जाऊ लागली होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती काठानं धावे. सुरुवातीला गावातल्या बायका हसल्या म्हणे. तिनं त्यांना सांगितलं, "मोटेवर बैलं हाकली तवा नाई हसल्या. तुंब्यालेच काहून हासता?" त्यानंतर कोणी हसलं नाही.

म्हणजे घरात सगळं नीट चाललं होतं. दोर टिकला होता, दादाची बरची बंद पडली नव्हती, वहिनीला ते काम आवडत होतं. दादानं जे मागितलं होतं तेच मिळालं होतं. चांद्याला चैत्र लागला, सगळीकडे पळस फुलून झडला, दूरच्या डोंगरावर वणव्याची रेघ दिसू लागली की मी खोलीच्या ओट्यावर बसून आमच्या डोहाचा विचार करी. आत्ता पहाट झाली असेल. दादा कपारीवर असेल. खंड्या येऊन बसला असेल. आणि तो काळा दोर, मी बाभळीची साल सोलली होती तो, अजून धड असेल. खरं सांगायचं तर मला वाटे, तो एकदा तुटावा. तुटला तर नवा वळावा लागेल आणि चातीसाठी निरोप येईल. पण आम्ही तो तुटू नये म्हणूनच केला होता, आणि तो आमच्या शब्दाला जागत होता.

काही वर्षं अशी गेली. एका दिवाळीला मी गेलो तेव्हा जवळच्या जऊळका गावाकडे रेल्वेच्या रुळांसाठी मातीचा भराव पडू लागला होता. गावातली बरीच माणसं त्या कामावर जात होती. वहिनी घर सारवत होती. तिनं मला माळ्यावरचं जुनं सूप काढून द्यायला सांगितलं. मी शिडी लावून वर गेलो.

माळ्यावर अंबाडीच्या सुताच्या जुड्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या. सगळ्यांत अलीकडची पांढरी होती, आताच वाळलेली. तिच्यामागची जरा पिवळसर. मागची आणखी पिवळी. सगळ्यांत मागची तांबूस पडली होती. प्रत्येक जुडी एका दोरापुरतीच होती. दादा नेहमी एका दोराला जेवढी लागते तेवढीच बांधे, मी ते डोळे मिटूनही ओळखलं असतं.

मी सूप घेऊन खाली आलो आणि वहिनीला विचारलं की दोर पक्का असताना एवढी अंबाडी कशाला ठेवली?

वहिनीनं हात धुतले. "दरसाल ठेवतेत," ती म्हणाली. "मी म्हणते, इकून टाका, जागा अडते. तं म्हणतेत, एखाद्या साली उन्हाळ्यात आला तं? घरात अंबाडी नाही असं कसं सांगू त्याले? मग मी दर चैतात उन्हात टाकते आन् पुन्हा वर ठेवते."

त्या दुपारी दादा वावरातून आला. मी जुड्या खाली काढून ओट्यावर ठेवल्या होत्या. चाती शोधून तिच्यावरची धूळ पुसली होती. तो ओट्यापाशी थांबला, जुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिवाळीत कोणी बरची मारते का बे," तो म्हणाला. "नदी पाहाय कशी चालली."

मी म्हटलं, असू दे. दोर तर वळू.

त्यानं पाय धुतले आणि ओट्यावर मांडी घालून बसला. सगळ्यांत जुनी, तांबूस जुडी त्यानं आधी उचलली. सुताचं टोक मी चातीला अडकवलं आणि फिरवत मागं सरकू लागलो. सुरुवातीला माझा हात चुकला, पीळ कुठं जास्त कुठं कमी पडला. दादा म्हणाला, कचेरीत बसून बसून हात ढिला झाला तुहा. मग हळूहळू हाताला आठवलं.

मी हौदाशी पोचलो आणि थांबायच्या बेतात होतो. दादानं मान वर केली नाही. पहिली जुडी संपली होती, त्यानं तिच्या शेवटाला दुसरीचं सूत जोडलं आणि सोडत राहिला. मी आणखी मागं सरकलो. अंगणाचं फाटक पाठीला लागलं, ते मी एका हातानं उघडलं आणि गल्लीत आलो. एवढा लांब दोर कोणत्याच डोहाला लागत नाही. मध्ये तो खाली लोंबू लागला, मातीला टेकेल असं वाटलं, तेव्हा वहिनी सारवण सोडून आली आणि तिनं दोन्ही हातांनी तो मधोमध उचलून धरला. दादानं तिसरी जुडी घेतली.

गल्लीतून मी शेजाऱ्यांच्या गोठ्यापर्यंत गेलो, तिथून चिंचेखाली. फाटकातून मला दादा दिसत होता, लहान झालेला, मान खाली घालून बोटांतून सूत सोडणारा. एक म्हातारा वाटेनं येत होता, तो दोराखालून वाकून गेला आणि कुठवर चालले बाप्पा म्हणून विचारून गेला. मी चाती फिरवत होतो आणि ऐकत होतो. दादानं पांढरी जुडी उचलली, यंदाची, शेवटची.

तीही संपत आली. तरी तो पुरे म्हणाला नाही.